तलावाकाठच्या शहरात राहायला जाताना

नव्या शहरात गेल्यावर माणूस आधी बाजार, दवाखाना, शाळा आणि बसथांबा शोधतो, आणि ते रास्तच आहे. शहर तलावाकाठी वसलेले असेल, तर या यादीत आणखी एक प्रश्न अगदी वर घालावा: तलावात पाणी कोणत्या बाजूने येते आणि कोणत्या बाजूने बाहेर पडते? हा प्रश्न पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणत्या गल्लीत पहाटे कुबट वास येतो, कोणत्या वस्तीत पावसाचे पाणी शिरते, बसला एवढा वळसा का पडतो आणि नळाचे पाणी वर्षातले काही दिवस मातकट का लागते, या सगळ्याची उत्तरे शेवटी तिथेच जाऊन मिळतात. मध्यम आकाराच्या शहरात ती शोधणे शक्यही असते, कारण असे शहर आणि त्याचा तलाव दोन्ही चार रविवारांत पायाखाली घालता येतात.

प्रदक्षिणा आणि पाण्याची वाट

पहिल्या महिन्यात तलावाची एक पूर्ण प्रदक्षिणा करावी. वाहनाने केलेली प्रदक्षिणा या कामाची नाही, कारण रस्ता काठाला सोडून आत वळतो त्या जागा चुकतात, आणि नेमक्या त्याच जागा पाहायच्या असतात. हाती शहराचा साधा नकाशा आणि पेन्सिल असावी. तलावाला मिळणारा प्रत्येक ओढा, नाला आणि मोरी त्यावर टिपावी. सांडवा किंवा पाणी सोडण्याचे दरवाजे, पाणी उपसण्याचे केंद्र, सांडपाण्याची पंपघरे, उतरायच्या पायऱ्या आणि जिथे भिंत किंवा कुंपण आडवे येऊन काठच बंद होतो अशा जागाही टिपाव्यात. काठ किती ठिकाणी सर्वांना खुला आहे आणि किती ठिकाणी कोणाच्या तरी मागच्या अंगणात गेला आहे, हे एकदा कागदावर उतरले की त्या शहराच्या राजकारणाविषयी बरेच काही न विचारता कळते.

दुसऱ्या रविवारी सर्वांत मोठ्या ओढ्याच्या कडेने उलट, म्हणजे वरच्या अंगाला चालत जावे. ओढ्याच्या वरच्या भागात शेते आहेत, कारखाने आहेत की नुकत्याच उठलेल्या वसाहती, यावर तलावाचे भवितव्य ठरते. काठावरची बाग कितीही सुरेख असली तरी तिच्याने ते बदलत नाही. तिसऱ्या रविवारी सांडव्याच्या खाली जावे. बहुतेकांच्या ध्यानात ही खालची बाजू येत नाही, कारण तलाव पाहायला येणारा माणूस बांधावर उभा राहून पाण्याकडे तोंड करतो आणि त्याची पाठ नेमकी त्या बाजूला असते. उदयपूरमध्ये पिछोला, स्वरूपसागर आणि फतेहसागर हे तलाव एकमेकांना जोडलेले आहेत. स्वरूपसागरातून सुटलेले पाणी आयड नदीत जाते आणि तिथून पुढे उदयसागरात. म्हणजे एका तलावाचा सांडवा हा दुसऱ्या तलावाचा ओढा असतो. भोपाळ आता मध्यम आकाराचे शहर राहिलेले नाही, तरी तिथली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. राजा भोजाच्या काळातल्या, म्हणजे अकराव्या शतकातल्या, तिथल्या मोठ्या तलावाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १६६६.८० फूट आहे, आणि पावसाळ्यात पाणी त्या आकड्याला किती टेकले याची चर्चा घराघरांत चालते. त्या पातळीनंतर भदभदा येथील दरवाजे उघडले जातात. तुमच्या शहरातही असा एखादा आकडा असणारच. तो पाठ करावा आणि बोलताना सहज वापरावा. नवखेपणा त्याने लवकर जातो.

प्रदक्षिणेत आणखी दोन खुणा शोधाव्यात. पहिली उच्चतम पातळीची. पुलाच्या खांबांवर, जुन्या पायऱ्यांवर आणि काठच्या झाडांच्या बुंध्यांवर पाण्याने सोडलेली फिकट रेघ असते, आणि तिच्या बऱ्याच वर कधीतरी एकदाच आलेल्या पुराची पुसट रेघ असते. घर घेताना ही वरची रेघ मोजायची. दुसरी खूण भरावाची. तलाव बुजवून केलेली जमीन ओळखायला जुना नकाशा उत्तम, पण तो मिळेपर्यंत डोळेही पुरतात: परिसरातली सगळी झाडे एकाच वयाची आणि तरुण असतात, कुंपणाच्या भिंतींना तिरक्या भेगा गेलेल्या असतात, रस्ता मधेच बसलेला असतो, आणि पाणी दूर असूनही मोहल्ल्याच्या किंवा रस्त्याच्या नावात मात्र तळे, बांध किंवा घाट शिल्लक असतो. लोक जमीन विसरतात, नावे विसरत नाहीत. अशा जागी राहूच नये असे नाही. तळमजल्यावर मात्र राहू नये.

घर कोणत्या काठावर

तलावाचा देखावा असलेल्या घराचे भाडे जास्त असते, आणि तो देखावा दाखवण्यासाठी घरमालक तुम्हाला नेहमी उतरत्या दुपारी बोलावतो. त्या वेळी अवश्य जावे, पण करार करण्यापूर्वी तेच घर पहाटे सहाला आणि रात्री दहाला पुन्हा पाहावे.

पहाटे जायचे ते वासासाठी. पाण्यावर तरंगणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे शेवाळ, पाने, प्लॅस्टिक आणि मेलेले मासे, वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे जाऊन गोळा होते. बऱ्याच शहरांत वर्षातले काही महिने वारा ठराविक दिशेनेच वाहतो, त्यामुळे एक काठ कायम स्वच्छ दिसतो आणि समोरचा कायम घाण. लोक त्याचे खापर तिथे राहणाऱ्यांच्या माथी फोडतात आणि वारा नामानिराळा राहतो. उथळ कोपऱ्यांत तळाच्या गाळातून बुडबुडे येत असतील आणि सडक्या अंड्यासारखा दर्प असेल, तर तिथल्या गाळात प्राणवायू उरलेला नाही असे समजावे. असा दर्प एका आठवड्यात जात नसतो.

रात्री जायचे ते आवाजासाठी. सूर्य मावळल्यावर पाण्यालगतची हवा गार आणि तिच्या वरची हवा उबदार राहिली, की आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर पोहोचतो. समोरच्या काठावर समारंभाचे सभागृह असेल, तर तिथला ध्वनिक्षेपक मधल्या मोकळ्या पाण्यावरून थेट तुमच्या उशाशी येतो. नकाशावर दिसणारे अंतर याबाबतीत फसवे असते.

‘तलावाची गार हवा’ हा जाहिरातीतला शब्दप्रयोग थोडा तपासून घ्यावा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा उचलली जाते आणि पाण्यावरची गार हवा जमिनीकडे ओढली जाते, हे खरे आहे. मोठ्या सरोवराकाठी हे वारे दुपारी चांगलेच जाणवतात. परंतु दोन-चार चौरस किलोमीटरच्या तलावाचा वारा पहिल्या एक-दोन रांगांतल्या घरांपलीकडे क्वचितच जातो, आणि रात्री त्याच पाण्यामुळे हवा दमट राहते. पश्चिमेला तलाव असेल, तर संध्याकाळचे ऊन एकदा आकाशातून आणि एकदा पाण्यावरून परावर्तित होऊन, असे दोनदा घरात येते. जाड पडद्यांची तयारी ठेवावी.

यात माझी स्वतःची चूकही सांगून टाकतो. एका शहरात मी केवळ खिडकीतून पाणी दिसते म्हणून तळमजल्यावरचे घर घेतले होते. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीला लावलेले कपाट पुढे ओढले, तेव्हा त्याच्या पाठीवर करडी मखमल चढावी तशी बुरशी पसरलेली होती आणि खालच्या खणातल्या पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटली होती. भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर रंगाची एक रेघ आधीच फुगलेली होती. घर पाहताना ती मला दिसलीही होती, पण तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. काठालगतच्या जमिनीत पाण्याची पातळी तलावाबरोबर वरखाली होते आणि ओल पायातून भिंतीत चढते. त्यामुळे घर पाहताना आधी भिंतीचा खालचा हातभर भाग पाहावा, कपाटांमागे हात घालून पाहावा, आणि मग खिडकीशी जावे.

कीटकांचे म्हणाल तर एक भेद माहीत असावा. संध्याकाळी दिव्याभोवती ढगासारखे जमणारे, डासासारखे दिसणारे पण न चावणारे बारीक कीटक तलावाच्या गाळातून वाढून वर येतात. प्रौढ झाल्यावर ते जेमतेम काही दिवस जगतात. त्यांचा त्रास असा की सकाळी त्यांचे खच झाडावे लागतात आणि त्यांच्यामागे कोळी येऊन सज्जा जाळ्यांनी भरून टाकतात. पाण्याकडचे पांढरे दिवे बंद ठेवून पिवळे, मंद दिवे वापरले की बराच फरक पडतो. चावणारे डास मात्र मोकळ्या, लाटा उठणाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाहीत. ते काठच्या साचलेल्या डबक्यांत, तुंबलेल्या गटारांत आणि झाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाढतात. तलावाला दोष देण्यापूर्वी आपली गच्ची पाहून यावी.

जाण्यायेण्याविषयी एवढेच, की नकाशावर पाण्यापलीकडे सरळ रेषेत एक किलोमीटरवर दिसणारे ठिकाण रस्त्याने सहा किलोमीटर असू शकते. अमेरिकेतील मॅडिसन या शहराचा मध्यभाग मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधल्या अरुंद पट्टीवर आहे, आणि त्यामुळे दोन्ही टोकांकडची रहदारी त्या एकाच पट्टीतून जाते. तुमच्या शहरातही अशी एखादी चिंचोळी जागा, पूल किंवा बांधावरचा रस्ता असेल. नोकरीचे ठिकाण आणि घर यांच्यामध्ये तो येतो का, हे भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

नळाला येणारा तलाव

शहर पिण्याचे पाणी त्याच तलावातून घेते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. घेत असेल, तर तलावाचे वर्षभराचे चक्र समजून घेणे हा छंद न राहता घरकामाचा भाग होतो.

ते चक्र असे. उन्हाने वरचे पाणी तापते, हलके होते आणि तळाच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. खोल तलावात हे दोन थर अनेक महिने मिसळत नाहीत. तळाशी पडलेली पाने, मेलेले शेवाळ आणि सांडपाण्यातले घटक कुजत राहतात, आणि त्यात खालच्या थरातला प्राणवायू संपतो. हवा गार होऊ लागली की वरचे पाणी थंड होऊन खाली बसते, वारा त्याला ढवळतो आणि तळाचे पाणी वर येते. उष्ण प्रदेशात हे साधारणपणे थंडीत एकदा घडते. जिथे तलाव गोठतात तिथे ते वर्षातून दोनदा होते, कारण पाणी ४ अंश सेल्सियसच्या सुमारास सर्वांत जड असते आणि त्याहून थंड पाणी पुन्हा वरच राहते. उथळ तलाव तर प्रत्येक मोठ्या वाऱ्यात ढवळला जातो. अशा उलथापालथीच्या दिवसांत नळाच्या पाण्याला रंग किंवा वास आला, तर त्याचे कारण बहुधा जुनी जलवाहिनी नसून ऋतू हेच असते. उन्हाळ्याच्या अखेरीस ढगाळ, वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे मेलेल्या माशांचा थर काठाला लागतो, त्यामागेही बहुतेक वेळा प्राणवायूच असतो: रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते, आणि पहाटेच्या सुमारास साठा सर्वांत कमी उरतो. विषप्रयोगाची अफवा दरवर्षी उठते. ती पसरवण्यापूर्वी आदल्या रात्रीचे हवामान आठवून पाहावे.

पाण्याला मातकट, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास आला, तर तो बहुधा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. काही निळसर-हिरव्या शैवालांतून ते पाण्यात उतरते आणि अत्यल्प प्रमाणातही माणसाच्या नाकाला जाणवते. ते स्वतः अपायकारक नाही. मात्र त्याच कुळातली काही शैवाले विष तयार करतात, आणि ते विष चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला असलेल्या टोलेडो या शहरात नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे शैवालविष आढळले आणि चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस ते पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. तेव्हा पाणी उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. म्हणून ‘उकळून प्या’ आणि ‘पिऊ नका’ या दोन सूचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पाणीपुरवठा विभागाची सूचना शब्द न् शब्द वाचावी. असे दिवस क्वचित येतात. तरी माणशी दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी घरात साठवलेले असावे.

काठावरचा हिरवा थर साधे शेवाळ आहे की निळसर-हिरवे शैवाल, हे एका काडीने बऱ्यापैकी कळते. काडी थरात घालून उचलावी. ओल्या केसांसारखे धागे लोंबले तर ते तंतुमय शेवाळ. बारीक गोल पाने चिकटून आली तर ती तरंगती वनस्पती. आणि काडी हिरव्या तैलरंगात बुडवल्यासारखी माखून आली तर सावध व्हावे. त्या पाण्याला उघड्या हाताने शिवू नये आणि मुलांना व पाळीव कुत्र्यांना तिथे सोडू नये. कुत्री पाणी पितात, अंगाला लागलेला थर चाटतात, आणि त्यांना बाधा लवकर होते.

पाण्यात उतरण्याआधी

पोहता येणे आणि तलावात पोहता येणे या निराळ्या गोष्टी आहेत. बांध घालून केलेल्या तलावात जुने ओढ्याचे पात्र तळाशी तसेच असते, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल एकदम डोक्यावरच्या पाण्यात पडू शकते. गाळात पाय रुततो, पाणवनस्पती पायात गुंतते, आणि वर पाणी उबदार असले तरी दोन हात खाली ते अंगावर काटा आणण्याइतके थंड लागू शकते. जोराच्या पावसानंतर निदान दोन दिवस पोहू नये, कारण गटारांचे तुंबलेले पाणी त्या वेळी तलावातच येते. नावेतून जायचे तर सकाळी जावे. दुपारचा वारा उथळ पाण्यावर आखूड आणि उभ्या लाटा फार झटपट उठवतो. तरंगजाकीट बाकाखाली ठेवलेले असेल तर ते नसल्यातच जमा.

मोठ्या सरोवराकाठी राहत असाल, तर ‘सेश’ हा शब्द ओळखीचा असावा. वादळी वारा किंवा हवेच्या दाबातला बदल पाणी एका टोकाला ढकलतो, आणि मग बादली हलवल्यावर हेलकावते तसे संपूर्ण सरोवर या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावत राहते. सरोवरविज्ञानाचा पाया घालणारे स्विस वैज्ञानिक फ्राँस्वा-आल्फाँस फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरातल्या या हेलकाव्यांचा कसून अभ्यास केला. तिथे एक हेलकावा पूर्ण व्हायला सुमारे सव्वा तास लागतो. चार किलोमीटर लांब आणि सरासरी दहा मीटर खोल तलावात तो हिशेबाने साडेतेरा मिनिटांच्या आसपास येतो. बहुतेक वेळा हा चढउतार बोटभर असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र २६ जून १९५४ रोजी शिकागोत मिशिगन सरोवराच्या अशाच एका लाटेने धक्क्यावर मासे धरत बसलेल्या लोकांना ओढून नेले आणि आठ जण दगावले. म्हणून वादळ निघून गेले, आकाश निवळले, तरी तासदोन तास धक्क्याच्या टोकावर जाऊ नये.

एक चकती आणि एक वही

तलावाची खरी ओळख हवी असेल, तर मी एकच साधन सुचवीन. वीस सेंटिमीटर व्यासाची एक चकती घ्यावी, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत, मधोमध भोक पाडून दोरी ओवावी, खाली वजन बांधावे आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ किंवा रंगाची खूण करावी. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी चकती वापरली, तिचेच हे पुढचे रूप. नावेच्या किंवा धक्क्याच्या सावलीच्या बाजूने, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, ती हळूहळू खाली सोडावी. आधी काळे भाग पाण्यात मिसळून जातात, मग पांढरे भाग हिरवट होत होत एका क्षणी नाहीसे होतात. तिथे दोरीला चिमटा लावावा. थोडी आणखी सोडून पुन्हा वर ओढावी, आणि चकती जिथे दिसू लागते तिथे दुसरा चिमटा लावावा. दोन्हींच्या मधला आकडा वहीत लिहावा. शेजारी तारीख, वारा, पाण्याची पातळी, वास आणि दिसलेले पक्षी लिहावेत. काळ्या चष्म्यातून वाचन घेऊ नये, आणि दर वेळी तीच जागा ठेवावी.

या आकड्यातून शहराचे निर्णय दिसतात. सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात १९६० च्या दशकाच्या मध्याला चकती मीटरभर खोलीवरच दिसेनाशी होत असे. १९६३ ते १९६८ या काळात तिथले सांडपाणी सरोवरात न सोडता दुसरीकडे वळवण्यात आले, आणि पुढच्या दशकात तीच चकती कित्येक मीटर खोल दिसू लागली. सगळे तलाव मात्र इतक्या लवकर सुधारत नाहीत. उथळ तलावाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला, शैवालाला पोसणारा फॉस्फरस नाले बंद झाल्यावरही पाण्यात उतरत राहतो, आणि नगरपालिकेला ‘एवढा खर्च करून काय झाले’ असे ऐकून घ्यावे लागते. जपानमधल्या सुवा सरोवराच्या बर्फाच्या नोंदी १४४३ पासून ठेवलेल्या आहेत. तुमच्या वहीत बारा महिने भरले तरी पुरे.

ही वही हाती असली की माणसेही भेटतात. धक्क्यावर दोरी सोडून बसलेल्या माणसाला कोणीतरी ‘काय मोजता?’ असे विचारतेच. मासेमारी करणाऱ्यांना तळाचा चढउतार ठाऊक असतो, दरवाजांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक पुराची तारीख तोंडपाठ असते, आणि रोज फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांना बुजवलेला कोपरा आधी कसा होता ते आठवते. त्यांच्याशी बोलताना तलावाला तिथले लोक ज्या नावाने हाक मारतात तेच नाव वापरावे. पाटीवरचे अधिकृत नाव बहुधा वेगळे असते.

घराच्या कराराला वर्ष होत आले, की नूतनीकरणाआधी वही उघडून सर्वांत वाईट महिना कोणता ते पाहावे. त्या महिन्यात दुसऱ्या काठावरची दोन-तीन घरे पहाटे आणि रात्री पाहून यावीत, भिंतींचा खालचा भाग तपासावा, आणि मगच सही करावी.